सुभेदारांचे बूट आणि माझा तुलनात्मक तक्ता

निवड करावी तर ती मीच! ही बढाई नव्हे. लातूरच्या कलेक्टर कचेरीत, टंचाई शाखेत, मी कारकून आहे. तीन ठिकाणचे दर आणि मतं मागवून त्यांचा तुलनात्मक तक्ता केल्याशिवाय आमच्या शाखेत टाचणीसुद्धा येत नाही. हीच शिस्त मी घरीही लावली होती. कांदे घ्यायचे तरी तीन गाड्या हिंडून. बायको म्हणायची, "तवर बाजार उठतोय." उठू दे! शिस्त म्हणजे शिस्त!

ही गोष्ट शहाऐंशी सालच्या जानेवारीतली. उस्मानाबादेतून फुटून लातूर वेगळा जिल्हा झाला, त्याला चार वर्षं होत आली होती. माझ्या लग्नालाही तेवढीच. दोन्ही संसार अजून मांडामांडीतच होते. कचेरीत चार कारकुनांत तीन खुर्च्या होत्या, त्यामुळे जो उशिरा येईल तो दिवसभर फार कामात असल्यासारखा उभा असायचा. घरी नळाला आठ दिवसांनी पाणी यायचं. त्यात पावसानं अशी पाठ फिरवलेली, की टंचाई शाखेतल्या कागदांशिवाय जिल्ह्यात काहीच मुबलक नव्हतं.

अशात पंचवीस तारखेला सकाळी सासरे आले. लक्ष्मणराव, फौजेतले निवृत्त सुभेदार. किल्लारीहून जीपमध्ये चौदा माणसांत कोंबून आले, तरी कपड्याची घडी म्हणून मोडलेली नव्हती. दुसऱ्या दिवशी झेंडावंदनानंतर कलेक्टरसाहेबांच्या हस्ते माजी सैनिकांचा सत्कार होता आणि यादीत त्यांचं नाव पहिलं होतं.

आता आमचं नातं सांगतो. चार वर्षांत त्यांनी मला एकदाही जावई म्हटलं नव्हतं. मुलगी फौजीला द्यायची त्यांची इच्छा. पदरात पडलो मी. त्यामुळे हाक एकच, "कारकून!" पाहुण्यांत ओळख करून द्यायची तरी, "हे आमच्या पंचशीलाच्या घरचे कारकून." मला ते फार लागायचं. एकदा, फक्त एकदा, या माणसाच्या तोंडून 'जावई' ऐकायचं, असं मी मनाशी घेतलं होतं.

त्यांनी पिशवीतून बूट काढले. घोट्याच्या वर येणारे, जाडजूड कातड्याचे. निवृत्तीच्या दिवशी त्यांच्या मेजरसाहेबांनी हातात ठेवलेले. वर्षातून दोनदा पायात, एरवी जुन्या धोतरात गुंडाळून पेटीत! आणि रंग? काळा नाही, तपकिरी नाही, लालही नाही.

"पॉलिशची डबी घरीच ऱ्हायली," ते म्हणाले. "गोलाईच्या बाजारात जाऊन घिऊन येतो."

मी झेप घेतली. "तुम्ही कशाला, मामा? ते माझ्यावर सोडा!" आमच्याकडे सासऱ्यांना मामाच म्हणतात.

त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "कारकून, बूट हायत हे, फाईल न्हाई. जमंल का?"

"बिलकुल!"

"उद्या हेच घालायचेत. मेजरसाहेबाची निशाणी हाय."

"मामा, साहेबांना तोंड दिसेल त्यात!"

"तोंड कशाला? बूट दिसले तरी लई झालं," असं म्हणून ते जुन्या सोबत्याला भेटायला गेले. बूट माझ्या ताब्यात आले आणि मी लगेच कामाला लागलो.

पहिलं मत बायकोचं. पंचशीला म्हणाली, "गाभुळल्या चिंचेचा रंग हाय. लाल पॉलिश आणा. न्हाईतर अवो, दादालाच आणू द्या की!" दादा म्हणजे तिचे वडील. शेवटचं वाक्य विषयाला सोडून असल्यामुळे मी नोंदवलं नाही.

दुसरं मत कचेरीतला शिपाई व्यंकटी याचं. त्यानं बूट उन्हात धरले, फिरवले, वास घेतला. "पानातल्या कातासारखा रंग हाय, साहेब. तपकिरी लावा. डोळे झाकून लावा!"

तिसरं मत गोलाईतले दुकानदार वीरण्णा यांचं. हे उदगीरचे, चप्पल-बुटांत चाळीस वर्षं गेलेली. त्यांनी बुटाकडे एकदाच पाहिलं आणि एक पांढरट डबी पुढे सरकवली.

"बिनरंगी. मेणाचं हाय. रंगीत कातड्याला हेच लावायचं. चमक येती आन् कातड्याचा रंग कातड्यापाशीच ऱ्हातो."

"म्हणजे या पॉलिशला रंगच नाही?"

"न्हाई."

"मग पॉलिश केलंय हे कळणार कसं? तपासणीत काय दाखवू?"

"बूट दाखवा की!" वीरण्णा म्हणाले.

मी मनात हसलो. रंगाच्या दुकानात बिनरंगी माल खपवणारा माणूस! माझ्यासारख्या मुरलेल्या कारकुनाला गंडवायला बघत होता! मी तिथंच उस्मानाबाद जिल्ह्याच्या एका जुन्या छापील फॉर्मच्या पाठीवर तक्ता केला. बिनरंगी: अमान्य. उरली दोन मतं, लाल आणि तपकिरी. दोन्ही तुल्यबळ. अशा वेळी काय करायचं, हे टंचाई शाखेला विचारा. सरासरी काढायची! एका तालुक्यात दोनशे मिलिमीटर पाऊस, दुसऱ्यात चारशे, सरासरी तीनशे. तेवढा प्रत्यक्षात कुठेच पडलेला नसतो, पण कागदावर शोभून दिसतो.

मी लाल आणि तपकिरी अशा दोन्ही डब्या घेतल्या. वीरण्णांनी कपाळाला हात लावला. तो मी नमस्कार समजून स्वीकारला.

दुपारच्या सुट्टीत घरी आलो. बशीत दोन्ही पॉलिशं निम्मी-निम्मी कालवली आणि प्रायोगिक तत्त्वावर फक्त डाव्या बुटाला लावली. घासलं, पुसलं, पुन्हा घासलं. बूट चमकला! पण रंग असा झाला, की पंचशीलानं दारातूनच विचारलं, "वांगं करपलं का काय?"

"सुकल्यावर उघडेल," मी म्हणालो.

सुकल्यावर आणखी मिटला. उजवा बूट चिंच, डावा वांगं! मी घाबरलो. पॉलिश काढायला स्टोव्हचं रॉकेल घेतलं आणि फडक्यानं रगडलं. पॉलिश निघालं. पण सोबत मेजरसाहेबांचा रंगही निघाला! डाव्या बुटाला मधोमध पांढरट चट्टे पडले.

पंचशीला खाली बसली. "दादा जीव घेतील. तुमचा घेतील ते घेतील, माझा बी घेतील!"

एका शब्दाची आशा होती, ती तर गेलीच. आता 'कारकून'ही राहणार नव्हतं. उद्या त्या म्हाताऱ्या माणसानं चारशे लोकांसमोर चट्ट्यांचा बूट घालून जायचं, या विचारानं मला खरंच रडू यायला लागलं.

आमचा गलबला ऐकून शेजारच्या शरणम्मा आल्या. निलंग्याकडच्या. जुन्या साड्या रंगवण्यात त्यांचा हात धरणारं गल्लीत कोणी नव्हतं. "अय्यो!" बूट बघून त्या म्हणाल्या. "रडतो काय बाप्या मानूस! माझ्याकडं रंगाची पुडी हाय. जांभळा आन् लाल मिळून लावू, दोन्ही बूट एकसारखे दिसतेत."

"पक्का बसेल ना?"

"बसंल की. गरम पाण्यात कालवून लावायचा, मग दोन बकेटी पाण्यानं खळाखळा धुवायचा. वरचा रंग निघून जातो, आतला बसतो."

दोन बादल्या! घरात मिळून एक घागर आणि दोन तांबे पाणी होतं, नळाला अजून तीन दिवस होते. शिवाय पाण्याची नासाडी करू नये, असं परिपत्रक मीच जिल्हाभर पाठवलेलं. मी पहिल्या अटीचं पालन केलं आणि दुसरीतून सूट घेतली. अर्ध्या तांब्यात पुडी कालवली, दोन्ही बुटांना लावली आणि न धुता उन्हात ठेवले.

काय सांगू! सुकल्यावर दोन्ही बूट एकसारखे, गडद, भारदस्त! वरून मी मेणबत्ती घासून चमकही आणली. दिवेलागणीला मामा आले. चाळीसच्या बल्बाखाली त्यांनी बूट बराच वेळ बघितले.

"रंग जरा दाट झालाय."

"पॉलिश नवीन आहे, मामा. मुरेल."

"हं," ते म्हणाले. "चमक बरी हाय, कारकून."

बरी हाय! चार वर्षांतली पहिली शाबासकी! त्या आनंदात मी दोन भाकरी जास्त खाल्ल्या.

सव्वीस जानेवारीची सकाळ. मैदान गच्च भरलेलं. दुष्काळाची धूळ पाहुण्यांच्या नाकातोंडात जाऊ नये म्हणून मंचासमोर अर्धा टँकर शिंपडावा, अशी टिप्पणी आठ दिवसांपूर्वी शाखेतून गेली होती. लिहिणारा अर्थातच मी! टँकरवाल्यानं शिंपडायचे कष्ट न घेता सगळं पाणी एकाच जागी सोडून दिलं होतं. मंचासमोर घोट्याएवढं डबकं आणि डबक्यापलीकडे मंचापर्यंत पांढरीशुभ्र चादर!

"सुभेदार लक्ष्मणराव!" माइकवर पुकारा झाला.

मामा निघाले. फौजी माणूस डबक्याला वळसा घालत नाही. डावा-उजवा, डावा-उजवा, थेट पाण्यातून! चादरीवर पाय ठेवला मात्र, प्रत्येक पावलामागे एक जांभळा ठसा! टाच, चवडा, टाच, चवडा, मंचापर्यंत सतरा ठसे मी स्वतः मोजले. लोक माना लांब करून बघायला लागले. शेजारी उभा असलेला व्यंकटी पुटपुटला, "साहेब, तपकिरी लावा म्हणलो होतो."

मामा कलेक्टरसाहेबांसमोर पोचले. सॅल्यूट ठोकण्याआधी सावधान व्हायचं असतं. त्यांनी उजवा पाय गुडघ्यापर्यंत उचलला. मी डोळे मिटले.

खाड्!

उघडले तेव्हा साहेबांच्या पांढऱ्या पँटीवर गुडघ्यापर्यंत जांभळी नक्षी उमटली होती. साहेबांनी पँटीकडे पाहिलं, चादरीकडे पाहिलं, बुटांकडे पाहिलं.

"सुभेदारसाहेब," ते हळूच म्हणाले, पण माइक चालू होता, "हे काय आहे?"

मामांचा हात कपाळावर तसाच ताठ. नजर समोर. आणि आवाज कवायतीचा!

"जावयाचं काम हाय, साहेब!"

चार कर्ण्यांतून तो शब्द मैदानभर घुमला. आधी साहेब हसले, मग मंच, मग सगळं मैदान! माणसं पोट धरून हसली. साहेबांनी मामांच्या खांद्यावर शाल घातली आणि म्हणाले, "जावई सगळ्यांचे सारखेच, सुभेदारसाहेब! माझाही आहे एक." पुन्हा हशा. मी व्यंकटीच्या पाठीमागे बसकण मारली.

दुपारी मामा आमच्या बाजेवर पाय सोडून बसले होते. पाय घोट्यापर्यंत जांभळे. पंचशीला तांब्यातलं पाणी थेंबाथेंबानं वापरून ते चोळत होती. बूट दारात पडले होते आणि त्यांच्याकडे बघायची कोणाची छाती नव्हती. मी जवळ जाऊन हात जोडले.

"मामा, चुकलं माझं. मेजरसाहेबांची निशाणी मी घालवली."

"बुडवलीच की," ते म्हणाले. "मेजरसाहेब असते तर तुम्हाला मैदानाला धा चकरा मारायला लावल्या असत्या."

"मारतो, मामा." मग मला राहवेना. "पण एक विचारू? आज तुम्ही मला जावई म्हणालात. सगळ्यांसमोर!"

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं.

"तुमच्या साहेबाच्या पँटीवर रंग उडवला म्हणल्यावर काय सांगू? तुमच्याच कचेरीतल्या कारकुनाचं काम हाय, असं? नोकरी ऱ्हायली असती का? जावयाचं म्हणलं की माणसं हसतेत आन् सोडून देतेत."

या कडक माणसानं चारशे लोकांत स्वतःचं हसं करून घेतलं आणि मला वाचवलं! मी वाकून त्यांच्या पाया पडलो. माझे दोन्ही हात जांभळे झाले.

"म्हणजे मामा," मी डोळे पुसत विचारलं आणि तोंडही जांभळं करून घेतलं, "आता आपलं कायमचं जावई?"

"सरकारी सुट्टीपुरतं," ते म्हणाले. "उद्यापासून कारकूनच."