घंटा थांबेपर्यंत

नेरच्या सेवा क्लबाची बैठक दर गुरुवारी पाच वाजता वाचनालयाच्या मागच्या खोलीत भरत असे. अध्यक्ष किसनराव पावणेपाचलाच येत आणि आपली पितळी घंटा टेबलावर ठेवत. किसनराव निवृत्त हेडमास्तर होते. शाळा सुटली, पण घंटा काही सुटली नव्हती. बोलणाऱ्याची वेळ संपली की ते ती वाजवत आणि बोलणारा असेल तिथे खाली बसे. एकदा पाहुणे म्हणून आलेले एक मोठे साहेब 'स्वातंत्र्य' या शब्दातल्या 'स्वा'वरच बसले होते. घंटा वाजवताना अध्यक्षाने तोंडाने बोलायचे नाही, असा किसनरावांचा नियम होता.

१९६३ सालचा चैत्र संपत आला होता. त्या गुरुवारी बैठकीत दोनच कामे होती. पहिले, नवे सभासद रूपसिंग नाईक यांची जीवनकथा. क्लबात येणाऱ्या प्रत्येकाला ती पंधरा मिनिटांत सांगावी लागे. ती सांगितल्याशिवाय ठराव मांडता येत नसे. दुसरे काम ठरावाचेच होते. विहिरीतला दगड सुरुंगाने फोडणारी एक टोळी क्लबाने एका दिवसासाठी मागून घेतली होती. ती शुक्रवारी येणार आणि शनिवारी वणीकडे जाणार. एका दिवसात एकाच गावची विहीर व्हायची होती. कोणत्या गावची, ते आज ठरायचे होते.

किसनरावांना ती टोळी पाण्यावाचून अडलेल्या आपल्या गावासाठी, बोरखडीसाठी हवी होती; तसा ठराव त्यांनी आधीच दिला होता. टेकडीच्या अलीकडे बोरखडी आणि पलीकडे रूपसिंगचा तांडा. तांड्याने चार उन्हाळे खपून तीस हात विहीर खणली होती आणि खाली काळा दगड लागला होता. बाया अजून नाल्यातल्या झिऱ्यावरून वाटी वाटी पाणी भरत. सकाळी निघताना बायकोने, सुखीबाईने, रूपसिंगला बजावले होते, "पान्याचं पक्कं केल्याबिगर घरी येऊ नका."

दारातच क्लबाचे सेक्रेटरी, औषधाचे दुकानदार फुलचंद यांनी रूपसिंगला गाठले.

"नाईक, पंधरा मिनिटं हायेत. घंटी वाजली का समजून घेजा."

"घंटीचं मले सांगता, शेठ? तीस वर्साचा होईस्तोवर घंटीच्याच मांगं चाल्लो मी."

फुलचंदला बरे वाटले. शिस्तीचा माणूस मिळाला, असे त्याने मनात म्हटले.

रूपसिंग खोटे बोलला नव्हता. जिथे गाडीरस्ता नव्हता अशा गावांना त्याच्या बापाचे बैल पाठीवर मीठ आणि धान्य लादून जात. सगळ्यांत पुढच्या बैलाच्या गळ्यात घंटा असे. धुळीत पुढचे काही दिसेनासे झाले तरी मागच्यांनी त्या आवाजावर चालायचे. घंटा वाजते आहे तोवर थांबायचे नाही. घंटा थांबली म्हणजे मुक्काम आला. क्लबात हे कुणाला ठाऊक नव्हते, आणि क्लबाची घंटा याच्या उलटी चालते हे रूपसिंगला ठाऊक नव्हते.

त्याने कथा नीट बेतून आणली होती. जन्म, बैल, बापाने घेतलेली जमीन आणि शेवटी बावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात गिरवलेली अक्षरे. "पयले अंगठा देत होतो, आता सही करतो," असे म्हणून त्याने हात जोडले. चौदा मिनिटे झाली होती. टाळ्या पडल्या. टाळ्या ओसरल्या तसा पाण्याचा ठराव मांडायला त्याने खिशातला कागद काढला, आणि किसनरावांनी घड्याळ पाहून नियमाप्रमाणे घंटा वाजवली.

रूपसिंगने कागद खिशात परत घातला. त्याचा चेहरा उतरला.

"आनखी सांगू?"

किसनरावांनी हसून पुन्हा घंटा वाजवली.

"बरं," रूपसिंग म्हणाला आणि त्याने आपले लग्न सांगायला घेतले.

लग्न तीन दिवस चालले होते. दुसऱ्या दिवसाच्या जेवणापर्यंत येतो तो घंटा जोरात वाजली.

"नाईक, घंटी!" फुलचंद हळूच म्हणाला.

"आयकू येते न, शेठ. चाल्लोच हावो!"

चाललोच म्हणजे हा बसतो आहे, असे फुलचंदला वाटले. रूपसिंग तिसऱ्या दिवसाकडे चालला होता. किसनरावांनी घंटा भराभर वाजवली. बैल दुडक्या चालीने निघाले, तेव्हा आपणही पाय उचलला पाहिजे, हे ओळखून रूपसिंग भराभर बोलू लागला. चार लेकरांचे जन्म त्याने एका दमात उरकले. घंटेचा वेग वाढला तसा त्याचाही वाढला. प्लेगात तांडा रानात राहिला ते साल, वाघाने नेलेला गोऱ्हा, सासऱ्याशी झालेले भांडण आणि त्याच सासऱ्याचा तेरावा, सगळे एकावर एक धावत आले.

हॉटेलवाला उकंडा चहाचे कप घेऊन आला होता. तो दारातच उभा राहून ऐकू लागला. चहावर साय धरली.

"बंद होते का नाही हे?" पुढच्या बाकावरून कुणीतरी पुटपुटले.

"तेच म्हनतो मी," रूपसिंग अगदी मनापासून म्हणाला आणि पुढे बोलू लागला.

त्याला घाम फुटला होता. भिंतीवरच्या घड्याळात सव्वासहा झाले होते. साडेसहाला ही खोली भजनी मंडळाची होती. त्यांचे टाळ बाहेर ओट्यावर येऊन पडलेही होते. हे शिकलेले लोक मले कुठवर चालवतात, आणि माह्या पान्याचं बोलू कधी, असा त्याच्या मनात घोर लागला. पण अर्ध्या वाटेत बसणारा तो नव्हता. स्वतःचा जन्म संपला तसा त्याने बापाचा काढला. बापाचा संपला तसा आजाचा.

किसनरावही माघार घेणारे नव्हते. छत्तीस वर्षे त्यांनी पोरे घंटेवर बसवली होती. दात आवळून ते वाजवत राहिले.

"माहा आजा शंकरसिंग," रूपसिंग घोगऱ्या आवाजात सांगत होता, "जिथं मुक्काम करे तिथं विहीर खने. सहा विहिरी खनल्या त्यानं. पाचीचं पानी खारं निंघालं. सहावीचं असं गोड, का बैल तिथून हालेच ना! पन एक दिवस गोऱ्हा आत पडता पडता वाचला, म्हून आजानं तिच्यावर हे एवढी शिळा टाकून देल्ली. पानी अजूनबी खालतं हाये. जागा काही दूर नाही. टेकडीच्या खालतं, चिंचेपाशी. अन् ते गाव म्हंजे —"

इथे किसनरावांच्या मनगटात कळ आली. घंटा त्यांच्या हातून टेबलावर आडवी झाली आणि गप्प झाली.

रूपसिंग तिथल्या तिथे थांबला. खाली बसला. पागोट्याच्या टोकाने त्याने तोंड पुसले.

"आला बाप्पा मुक्काम एकदाचा."

मग फुलचंद पुढे वाकला.

"कोनतं गाव, नाईक?"

रूपसिंगने घंटेकडे बोट दाखवले. "थांबली न ते."

"थांबली म्हंजे?"

"म्हंजे मी थांबलो. बैलाची घंटी वाजे तोवर आमी चालो. इथं अध्यक्षसाहेब वाजवत होते, म्हून चाल्लो. मले तं कवाच बसाचं होतं, शेठ. तुमीच बसू देत नव्हते."

सभासदांनी एकमेकांकडे पाहिले आणि मग सगळ्यांनी मिळून किसनरावांच्या मनगटाकडे पाहिले. पहिला हसला तो उकंडा. कप बशीत खुळखुळले.

"मास्तर, वाजवा न मंग! गाव राह्यलं!"

"मी वाजवू? आता?" किसनराव म्हणाले.

"वाजवा, वाजवा!" सगळी खोली ओरडली. आत्तापर्यंत जी माणसे डोके धरून बसली होती, ती बाकाच्या कडेला आली होती.

किसनरावांनी डाव्या हाताने घंटा उचलली आणि एकदाच वाजवली.

रूपसिंग उठला. "बोरखडी," म्हणाला आणि बसला.

"आमच्या बोरखडीत?" किसनरावांचा आवाज चढला. "चिंचेखालची ती शिळा? अहो, तिच्यावर बसून मी मॅट्रिकचा अभ्यास केला!"

"तुमच्या खालतंच पानी होतं, साहेब."

"मग इतकी वर्षं सांगितलं का नाही?"

"मले वाटलं तुमाले माहीत असन. गाव तुमचं, शिळाबी तुमची. मी कायले मधात बोलू?"

भजनी मंडळाचे बुवा दारातून आत डोकावले. रूपसिंगने घाईघाईने खिशातला कागद काढला, पण तो वाचायला वेळ नव्हता हे त्यालाही दिसत होते. तो उभ्यानेच म्हणाला, "साहेब, बोरखडीची शिळा माह्या मानसांनी हलवून देतो. उद्याच देतो. सुरुंग तेवढा तांड्याले द्या."

"आणि शिळेखाली पाणी नसलं तर?"

"तं पुढच्या साली तुमचा नंबर, अन् मी तवाबी येऊन शिळा जागेवर ठेवून देईन. पन आज पान्याचं पक्कं केल्याबिगर मले घरात घेनार नाहीत. मी इथंच बसतो. भजन आयकतो."

किसनरावांनी मनगट चोळले. मग म्हणाले, "फुलचंद, माझा ठराव मागे घेतला, असं लिहा. नाईकांचा लिहा."

"कोन अनुमोदन देते?"

"मी देतो," दारातून उकंडा म्हणाला. तो क्लबाचा सभासद नव्हता, पण फुलचंदने ते लिहून घेतले.

शुक्रवारी दुपारी तांड्यातले दहा गडी पहारी घेऊन बोरखडीच्या चिंचेखाली जमले. गावही गोळा झाले. शिळा चार पिढ्यांची बैठक होती. ती बसून बसून गुळगुळीत झाली होती. रूपसिंगने पहार कुठे घालायची ते दाखवले. किसनरावांनी धोतर खोचले आणि स्वतः एक पहार धरली. सगळ्यांनी मिळून नेट लावला तशी शिळा करकरली, एक वीतभर उचलली गेली आणि आतून गार, ओलसर वास वर आला.

"हाये!" रूपसिंग ओरडला. "पानी हाये!"

तेवढ्यात टेकडीपलीकडे धडाका झाला. चिंचेवरचे पक्षी उडाले. तांड्याचे गडी एकमेकांकडे पाहू लागले. चार उन्हाळे ज्या दगडावर त्यांनी हात झिजवले होते, तो फुटला होता. पुढच्या क्षणी दहाही जण टेकडीकडे पळत सुटले. सुरुंग पाहायला बोरखडीची माणसेही त्यांच्या मागे धावली.

"अरे, शिळा! शिळा धरा कुणीतरी!" किसनराव ओरडले. शिळेखाली एकाने घाईत धोंडा सरकवला होता, पण तो अर्धवट बसला होता. पहार सोडली असती तर शिळा पुन्हा जागेवर गेली असती.

"धरून राहा, साहेब!" टेकडी चढता चढता रूपसिंगने वळून सांगितले. "पाहून येतो!"

किसनराव पहारीवर सगळा भार टाकून उभे राहिले. मनगट कालपासून दुखतच होते. चिंचेची सावली त्यांच्यावरून सरकून गेली. तरी त्यांनी पहार सोडली नाही.

टेकडीवरून आधी आरडाओरडा ऐकू आला, मग माणसे दिसली. सगळ्यांच्या पुढे रूपसिंग होता. गुडघ्यापर्यंत चिखलाने भरलेला, दोन्ही हातांत पाण्याने काठोकाठ भरलेला पितळी गडवा. थेंबही सांडू नये म्हणून तो अलगद पावले टाकत येत होता. पाणी अजून गढूळच होते.

"आमच्या सुखीनं तुमच्यासाठी धाडलं. पयले तुमी प्या, साहेब."

किसनरावांनी पहार सोडली नाही. नुसते तोंड पुढे केले.