दाजींच्या वजनाचा गूळ

वडिलांची गिरणी सुटली त्या वर्षी आमच्या घरातली पेज इतकी पातळ झाली होती, की वाटीत वाकून पाहिलं तर शितांऐवजी आपलंच तोंड दिसे. घाटकोपरला टेकडीच्या पायथ्याशी आमची चाळ. खालीवर सगळे कोकणातले, सगळे गिरणीतले आणि सगळ्यांच्या बरगड्या सदऱ्यावरून चाचपता येतील अशा. त्या चाळीत, आमच्या भिंतीला भिंत लावून, एक माणूस वजन कमी करण्यासाठी आपणहून उपाशी राहत होता.

दाजी तेंडोलकर त्यांचं नाव. कुर्ल्याच्या गिरणीत कामाला. उंची बेताची, पण आडवे असे, की चाळीच्या जिन्यात ते उतरत असले तर वर येणारा मुकाट्यानं मागे फिरायचा. हे शरीर त्यांनी कशावर कमावलं ते देवाला ठाऊक. पेजेवरसुद्धा माणूस फुगू शकतो हे मी दाजींकडे पाहूनच शिकलो.

सोमवार, गुरुवार, शनिवार, एकादशी, चतुर्थी, सगळे उपास ते धरायचे. उपासाला साबुदाण्याची खिचडी नाही, शेंगदाण्याचा लाडू नाही. तांब्याभर पाणी आणि अर्धं लिंबू. कुणी विचारलं की म्हणायचे, "सोमवार शंकराचो, शनवार मारुतीचो. माझो म्हणून एक वार रवलो नाय रे!" घाटकोपरहून कुर्ल्याला पायी जायचे आणि पायी यायचे. महिन्यातून एकदा स्टेशनावरच्या वजनाच्या यंत्रावर उभे राहायचे. यंत्रातून पुठ्ठ्याचं तिकीट पडे, त्यावर एका बाजूला वजन आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजीत भविष्य. चाळीत इंग्रजी येणारा मी एकटा. म्हणून त्यांनी मला मॅट्रिकच्या आधीच 'बीए' म्हणायला सुरुवात केली होती.

"बीए, वाच. नशिबात काय आसा?"

"प्रवासात लाभ होईल, असं लिहिलंय."

"लाभ? खरा आसा. बोटीर दरवर्साक होता," असं म्हणून ते पोटावर हात फिरवायचे.

या उपासतापासाचं कारण होतं एक नवस. लग्नानंतर थोड्याच दिवसांत दाजी विषमज्वरानं अंथरुणाला खिळले होते. वैद्यानं हात टेकले, तेव्हा त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या काकीनं, गावच्या भगवतीला बोलून टाकलं, 'माजो घोव उठान बसांदे, तेच्या वजनाइतको गूळ तुका वाहीन.' दाजी उठून बसले. नुसते उठले नाहीत, तर दोन्ही बाजूंनी पसरत गेले. आणि नवरा पसरला की नवसाचा गूळही वाढणारच. ऐपत झाली तोवर दाजींनी नवसाच्या वेळचं आपलं वजन कधीच मागे टाकलं होतं.

दाजींच्या उपासाचं अन्न काकी आमच्याकडे आणून द्यायची. पदराखाली झाकलेली भाकरी, वर सुक्या जवळ्याची चटणी. आईला संकोच वाटू नये म्हणून म्हणायची, "ह्येंनी टाकल्यानी गो. फुकट जायत." आमची चूल थंड असेल त्या दिवशी दाजींचा हमखास उपास असे. तेव्हा मला त्यात काही वाटलं नाही. मी मॅट्रिक झालो तो दाजींच्या उपासांवर, हे मी आज कुणासमोरही सांगेन. त्यात मला लाज नाही.

मे महिना आला की दाजी स्टेशनावर जाऊन शेवटचं वजन करायचे, तेवढ्या वजनाच्या गुळाच्या ढेपा घ्यायचे आणि काकीला घेऊन भाऊच्या धक्क्यावर मालवणची बोट धरायचे. तेव्हा किलो अजून आमच्याकडे पोचला नव्हता. मण, शेर आणि रत्तल यांचं राज्य होतं. काकी दरवर्षी विनवायची, "वायच जास्ती गूळ घेवया." दाजी कानावर हात ठेवायचे. "जास्ती गूळ म्हणजे देवीक लाच! जितको मी, तितकोच गूळ."

पण बोटीवर सगळी गडबड व्हायची.

बोट म्हणजे आम्हा कोकणातल्या माणसांची वर्षाची चैन. डेकवर वळकट्या पसरायच्या, त्यांच्या कडेला ट्रंका, आंब्याच्या रिकाम्या करंड्या, आणि प्रत्येक वळकटीच्या उशाशी एक डबा. त्या डब्यांत घरोघरच्या बायकांनी वर्षाची हौस भरलेली असायची. कोंबडीचं सुकं, वडे, तिखटमिठाच्या पुऱ्या, तळलेले बांगडे, खोबऱ्याच्या वड्या. पण मे महिन्यातला समुद्र. बंदर मागे पडून बोट हलायला लागली, की तासाभरात माणसं आडवी. कोणी लिंबू हुंगतोय, कोणी कठड्याला लोंबकळतोय. बोट लागलेल्या माणसाला डबा डोळ्यांसमोर नको असतो. आणि दाजींना बोट लागत नसे. कधीच नाही. सगळा डेक आडवा झालेला आणि मधोमध दाजी मांडी घालून ताठ बसलेले.

"दाजी, हा डबा न्या हो. मला बघवत नाही."

"आण हय. बांगडे आसत?"

"दाजी, आमचे वडे..."

"मी खातंय खय रे? दर्यात जाता ता वाचवतंय," असं म्हणत दाजी अख्ख्या बोटीचं अन्न वाचवायचे. वर्षभराचे सोमवार, गुरुवार आणि शनिवार एका दुपारी वसूल व्हायचे. सगळ्यात शेवटचा डबा काकीचा. काकीला तर धक्का सुटायच्या आधीच बोट लागायची. तोंडावर पदर घेऊन ती म्हणायची, "माझा पण खावा. टाकूक नको."

दुसऱ्या दिवशी गावात देवळाच्या तुळईला मोठी तागडी टांगली जायची. एका पारड्यात गूळ, दुसऱ्यात दाजी. गुरवाचा नियम कडक, गूळ मुंबईहून आणलेलाच हवा आणि एकदा पारड्यात घातला की मागाहून भर घालायची नाही. गूळ वर, दाजी जमिनीला. मग गुरव गाऱ्हाणं घालायचा, "बा देवी म्हाराजा, ह्या वर्साक तुजो गूळ थोडो पडलो. पुढल्या वर्साक भरून घी रे म्हाराजा." सगळे "होय म्हाराजा" म्हणायचे, आणि नवस उभाच राहायचा. न चढलेला गूळ काकीच्या भावाच्या दुकानात विकायला जायचा. त्याचा पावसाळ्याचा गूळ त्यातच भागे. स्वतःच्या मुलीच्या लग्नापेक्षा दाजींच्या नवसाकडे त्याचं जास्त लक्ष असावं.

मी कॉलेजात जायला लागल्यावर एकदा दाजींना सरळच विचारलं, "दाजी, बोटीवर तोंड बंद ठेवलंत तर एका दिवसाचा प्रश्न आहे. नाही तर एसटीनं जा."

"तू शिकलं मा? मगे सांग, डबो दर्यात टाकूक कोणच्या पुस्तकात लिवलेला आसा?"

चाळीनं हा विषय चेष्टेत काढला होता. दाजी निघताना माणसं गॅलरीत उभी राहून ओरडायची, "दाजी, यंदा देवीला सांगा, मोठी तागडी घ्यायला!" काकी हसायची. दाजी दोन्ही हातांनी पोट सावरत जिना उतरायचे.

मी इंटरला असताना काकी गेली. आजार थोड्या दिवसांचाच. त्या दिवसांत आई तिच्याजवळ बसायची. काकी पुन्हा पुन्हा एकच म्हणत होती, "ह्येंचा काय ता होयत. पण माजो नवस रवलो गो. देवी काय म्हणात?"

त्यानंतर दाजींचे उपास सुटले. पायी चालणं सुटलं. स्टेशनावरच्या यंत्राकडे ते पाहीनासे झाले. आणि आयुष्यभर झटून जे जमलं नव्हतं ते न झटता होऊ लागलं. सदरा खांद्यावरून लोंबायला लागला. जिन्यात एका वेळी दोन माणसं जाऊ लागली. चाळीतल्या एकानं जीभ सैल सोडलीच, "दाजी, आता जमलं हो तुमचं! झकास!" दाजी म्हणाले, "होय. जमला." आणि खोलीत गेले.

मी बी.ए. झालो. आमच्या घराण्यात सही करणारे मोजके, त्यात पदवी घेणारा पहिला मी. आईनं भगवतीला नारळ बोलला होता. मे महिन्यात दाजी दारात येऊन उभे राहिले.

"बीए, तुजो नारळ आसा, माजो गूळ आसा. जावया?"

मी म्हटलं, "आधी स्टेशनावर वजन करूया."

"नको. तिच्या टायमाचो आकडो माका पाठ आसा." आणि त्यांनी काकीबरोबरच्या शेवटच्या खेपेच्या आकड्याइतकाच गूळ घेतला.

बोट हलायला लागली आणि डेक आडवा झाला. दाजी नेहमीसारखे मध्ये मांडी घालून बसले. नेहमीचे लोक त्यांना ओळखत होते. एका म्हाताऱ्यानं पडल्यापडल्याच डबा सरकवला. दाजींनी तो झाकण न उघडता परत केला. दुसऱ्या बाईनं वडे पुढे केले. "खाऊन घी गो तूच. किनारो इलो की बरा वाटात," असं म्हणून त्यांनी तेही परत दिले.

उन्हं उतरत होती. माझं डोकं गरगरत होतं, तरी मी विचारलं, "दाजी, हेच आधी केलं असतंत तर?"

ते पाण्याकडे वळले. मग म्हणाले, "पयल्या वर्साक खरोखरच हावरेपणान खाल्लंय. तागडी हलली नाय. ही देवळात रडली. मगे चार दिस म्हायेराक रवली. परतताना बोटीर माका म्हणता, 'बरा झाला म्हणा. पुढल्या वर्साक आये परत दिसतली.'"

मी वळकटीवर उठून बसलो.

"नवस फिटलो असतो तर आमका गावाक धाडणार कोण? भाड्याक पैसो काढूक निमित व्हया. देवीचा नाव घेतला काय गिरणीचो सायेब पण रजा देय. म्हणान खाल्लंय. दर वर्साक."

"म्हणजे मुद्दाम?"

"मुद्दाम," दाजी म्हणाले, आणि खरं बोलायची सवय असल्यामुळे पुढे म्हणाले, "आणि भूक पण आसायची."

मला हसू आलं. त्यांनाही आलं असावं, पण ते तोंडापर्यंत पोचलं नाही.

"मरताना तिका नवसाचोच घोर. मी उशाकडे बसान आयकत होतंय. सांगूक व्हया होता रे. गो, नवस अडलो तो तुज्या आयेसाठी, देवी रागवाची नाय. पण तोंडातसून शब्द इलो नाय. इतक्या वर्सांचा खाल्लेला थयच अडाकला."

काकी डबा भरायची तेव्हा आई शेजारी असायची, तिचं एक बोलणं मला आठवलं. मी म्हटलं, "दाजी, काकीला धक्का सुटायच्या आधी बोट लागायची. तिनं बोटीवर कधी घास खाल्ला नाही. मग ती दरवर्षी डबा दोन माणसांचा कशाला भरायची?"

दाजींनी माझ्याकडे पाहिलं. "तिका माजी भूक ठावक होती."

"एवढंच ठाऊक होतं?"

धोतराच्या सोग्यानं त्यांनी तोंड पुसलं, खारं पाणी उडाल्यासारखं. त्यांच्या बाजूला पाणी उडत नव्हतं. मग ते वळकटीवर आडवे झाले. दाजींना बोटीवर आडवं झालेलं मी तरी पहिल्यांदा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तुळईला तागडी लागली. गाव गोळा झाला. काकीची म्हातारी आईही काठी टेकत आली. जावई पारड्यात बसला तेव्हा तिनं डोळे बारीक करून विचारलं, "हो कोण?" कुणी तरी सांगितल्यावर ती खालीच बसली.

ढेपा चढवल्या आणि गुळाचं पारडं धपकन खाली गेलं. दाजी वर. मांडी घातलेले, दोन्ही हातांनी साखळ्या धरलेले. हा माणूस जमिनीपासून उचलला जाईल असं त्या गावात कुणाला वाटलं नव्हतं. कुणी हसलं नाही.

गुरव गडबडून म्हणाला, "दाजी, गूळ बराच जास्ती झालो. ढेपी काढू?"

"रवांदे," दाजी वरूनच म्हणाले. "तो तिचो वाटो."

गुरवानं हात जोडले. "बा देवी म्हाराजा, तुज्या लेकीन बोललेलो गूळ आज तुका पावलो. जो काय उशीर झालो, तो पोटात घाल रे म्हाराजा."

"होय म्हाराजा," गाव म्हणाला. दाजींनी साखळ्या सोडून हात जोडले.

मी आईचा नारळ वाहिला. काकीचा नवस त्या दिवशी फिटला.