डोळे बोलले का चेंडू गेला

देवमन ज्याच्याशी बोलायचा त्याच्याकडे कधी पाहायचा नाही. बाजारात टमाटर हवे असले की हा वांग्यांकडे टक लावून उभा. बाईनं वांगी तोलायला घेतली की वर तिच्यावरच चिडायचा.

दोष सगळा त्याच्या दुर्गच्या पीटी मास्तरांचा. हायस्कूलच्या बास्केटबॉल टीममध्ये हा सगळ्यात बुटका, म्हणून मास्तरांनी त्याला गार्ड केलं. म्हणजे मागून चेंडू आपटत आणायचा आणि पुढच्यांना वाटून द्यायचा. आपटताना चेंडूकडे पाहायचं नाही, आणि ज्याला द्यायचा त्याच्याकडे तर मुळीच नाही, नाहीतर समोरची टीम नजर ओळखून चेंडू पळवते. देवमननं ही शिकवण घरीदारी लागू केली. कोणी टोकलंच तर उत्तर ठरलेलं, "डोळे बोलले का चेंडू गेला."

शाळेतून तो जिल्ह्याकडून खेळला. तिकडे भिलाईत पोलादाचा कारखाना उभा राहत होता, त्यांच्या टीमनं त्याला उचलला. कागदावर रोलिंग मिलमध्ये हेल्पर, पण पगार चेंडूचा. सेक्टर एकमधल्या क्वार्टरमध्ये आम्ही दोघं राहायचो. मी टाइम ऑफिसात कारकून. जेवताना हा दाराकडे पाहत पोळी फेकायचा आणि ती बरोब्बर माझ्या ताटात पडायची. असं अन्न फेकू नये म्हणून मी किती सांगितलं. कशाचं काय.

मग मरोद्याच्या लांजेवारांची कुसुम पाहायला आम्ही गेलो. लांजेवार कारखान्यातच फिटर, माणूस तापट. कुसुमनं पोहे आणून दिले आणि समोर बसली. आमचा पठ्ठ्या शेवटपर्यंत तिच्या मामाच्या मिशा पाहत राहिला. दुसऱ्या दिवशी लांजेवारांचा निरोप आला, की पोराला पोरगी पसंत नाही हे आम्हाला समजलं, विषय संपला.

देवमन जेवला नाही. मी चांगलाच झापला त्याला. "कावून असा बसला होता बे तिथं?"

तो खिडकीकडे पाहत म्हणाला, "तिच्या अंगठ्याले चटका होता. पोहे करतानाच बसला असन. कोणी इचारलं बी नाही तिले." मग खिडकीलाच सांगितल्यासारखं, "मले तीच पाहिजे, बे."

मला तर त्या घरात पोह्यांशिवाय काही दिसलं नव्हतं. मी सायकल काढली, मरोदा गाठलं आणि लांजेवारांच्या हातापाया पडलो, की रविवारी मॅच आहे, एकदा या, मग काय ते ठरवा.

कुसुमला घेऊन ते आले. देवमन त्या दिवशी काय खेळला म्हणता! मान वर, हाताखाली चेंडू टपटप, नजर चारी बाजूंना. फक्त कुसुम बसली होती ती बाजू सोडून. पंचाला पाहून झालं, शेंगदाणेवाल्याला पाहून झालं. माझा जीव वरखाली. हाफटाइमच्या आधीच लांजेवार चपला घालू लागले.

"एकदा तरी पाहिलं का त्यानं तुह्याकडं? चाल घरी."

कुसुम उठली नाही.

"बाबा, चेंडूकडं बी नाही पाहून राहिले ते," ती हळूच म्हणाली. "पण हातून जाऊ देला का?"

लांजेवार जरा वेळ चेंडूकडे पाहत उभे राहिले. मग चपला काढून पुन्हा खाली बसले.