साडेतीन फुटांचं कुंपण

सान्यांचं कुंपण मीच काढायला लावलं, आणि तेही निनावी चिठ्ठी टाकून. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं त्यांच्याविषयी मी थोडं हसत लिहिलं तरी माझी बाजू घ्यायचा मोह कुणाला होणार नाही.

कुंपण होतं चौथ्या मजल्यावर. नव्वदच्या दशकात आम्ही तोक्योतल्या ओजिमाला एका सरकारी वसाहतीत राहत होतो. एका बाजूला दारं, दुसऱ्या बाजूला कठडा, अशी लांबलचक सामाईक गॅलरी. शेवटचं दार आमचं, त्याच्या अलीकडचं सान्यांचं. या दोन दारांच्या मध्ये सान्यांनी दोन लांबट कुंड्या आडव्या मांडल्या होत्या आणि त्यांत बारीक पानांचं दाट झुडूप लावलं होतं. कठड्याच्या बाजूला एक माणूस तिरका होऊन जाईल एवढी फट. फरशीपासून कुंपणाची उंची साडेतीन फूट. दर रविवारी दुपारी साने टेपनं ती मोजत, कात्रीनं अर्धा इंच छाटत आणि पुन्हा मोजत. छाटलेली पानं पारदर्शक पिशवीत भरून, तोंडाला दोरी बांधून, जाळायचा कचरा गोळा करतात त्या ठरलेल्या दिवशी खाली नेत.

"साडेतीनच का?" मी पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं.

"आमच्याकडं साडेतीनच असायचं."

'आमच्याकडं' म्हणजे लंडनच्या दक्षिणेला, शहर संपता संपता लागणारं एक उपनगर. साने दोन वर्षांचे असताना आईवडिलांबरोबर तिथं गेले आणि तिथंच वाढले. आता पंचेचाळिशीत, एकटे, एका जपानी कंपनीत यंत्रांच्या माहितीपुस्तिकांचं इंग्रजी तपासत होते. वडील घरातही हट्टानं इंग्रजी बोलायचे, त्यामुळं सान्यांना मराठी शिकवलं ते एकट्या आईनं. परिणाम असा, की रविवारीही टाय लावणारा हा सहा फुटी माणूस हातातून किल्ली पडली की "अगं बाई" म्हणायचा.

माझी अडचण अशी, की कुंपणाशी थांबल्याशिवाय मला माझ्या घरी जाता येत नसे. मी रविवारी सामान घेऊन यायचो आणि साने बरोबर त्या फटीपाशी कात्री घेऊन उभे.

"काय शेजारी, आज काय विशेष?"

"विशेष काही नाही. दूध आणलं."

"दूध." साने कात्री बगलेत धरत. "आमच्याकडं दूधवाला पहाटे दारात बाटल्या ठेवून जायचा. वरच्या चकचकीत झाकणाला पक्षी चोचीनं भोकं पाडायचे आणि साय खायचे. म्हणून आई बाटल्यांवर वाट्या पालथ्या घालायची. पलीकडच्या मिसेस पार्किन म्हणाल्या, तुमच्या देशात बाटल्यांनाही टोप्या घालतात का?"

यावर हसायचं असे. मग मी पुढं सरकणार, एवढ्यात पिशवीतला पालक त्यांना दिसे.

"पालक का? मिसेस पार्किननी एकदा आईला कुंपणावरून रुबार्बच्या देठांची जुडी दिली. त्याचा त्या गोड पदार्थ करायच्या. आईनं चाखून पाहिलं, आंबट. म्हणाली, अगं बाई, हा तर चुका. दाणे, डाळ घालून भाजी केली, वर लसणीची फोडणी. वडील म्हणाले, शेजाऱ्यांना नेऊन देऊ नकोस हं. तिनं पातेलंच पलीकडं दिलं."

मग पातेलं रिकामं परत आलं ते कधी, त्यात काय घालून आलं, ते का खाल्लं नाही. पिशव्यांचे बंद माझ्या बोटांत रुतत असत.

"दोन मिनिटं थांबायचं रे," वैशाली, माझी बायको, म्हणायची. "त्यांना कोण आहे इथं?"

"दोन मिनिटं नसतात ती. तू ऐकून बघ एकदा."

"मी रोज ऐकते. परवा त्यांच्या आईनं कोळशाच्या शेगडीवर पापड भाजले आणि सगळी गल्ली बाहेर आली, तिथपर्यंत आलोय आम्ही."

एका रविवारी, आठवडाभर तोयोसुच्या ऑफिसात ओव्हरटाइम करून मी घरी येत होतो. पिशवीत मुलीसाठी आइस्क्रीम होतं. साने रविवारी गाड्या धुण्याच्या पद्धतीवर बोलत होते. घरी पोचलो तेव्हा आइस्क्रीमचं सरबत झालं होतं. दुसऱ्या दिवशी मी जपानीत चार ओळी लिहिल्या. चौथ्या मजल्यावरच्या कुंड्यांमुळं वाट अडते, आग लागल्यास रहिवाशांना बाहेर पडता येणार नाही, कृपया लक्ष घालावं. सही न करता ती चिठ्ठी वसाहतीच्या ऑफिसच्या पेटीत टाकली. मजकूर खरा होता. नियमही खरा होता. कारण मात्र खोटं होतं.

आठवड्याभरात ऑफिसातला माणूस आला. त्यानं वाकून तीनदा माफी मागितली. सान्यांनी चारदा मागितली आणि तासाभरात कुंड्या आत नेल्या. खोलीत ऊन येत नव्हतं म्हणून त्या दाराच्या आतच, बूट काढून ठेवतात तिथं मांडल्या.

त्या कुंपणाची अडचण होईल असं घर एकच होतं, आमचं. सान्यांच्या मनात ते आलंही नाही. त्यांनी लिफ्टजवळच्या हायाशीबाईंवर संशय घेतला. सत्तरीच्या या बाईंचा आमच्या टोकाशी काहीही संबंध नव्हता. साने मिठाईची बांधलेली खोकी घेऊन त्यांच्याकडं गेले, आपल्यामुळं त्रास झाला म्हणून माफी मागून आले. बाईंना काही कळलं नाही, पण इथल्या रीतीप्रमाणं तिसऱ्या दिवशी त्या परतभेटीची खोकी घेऊन आल्या. त्यातली अर्धी मिठाई साने आमच्याकडं घेऊन आले.

"फार सज्जन बाई," ते म्हणाले. "तक्रार केली, पण मनात काही ठेवलं नाही. घ्या ना शेजारी."

मी दोन तुकडे घेतले. वैशालीनं एकदा माझ्याकडं पाहिलं आणि चहा ठेवायला उठली.

पुढचे दोन महिने मी सरळ घरी जात होतो. सान्यांचं दार बंद असायचं. कुणी हटकत नव्हतं. मला हवं होतं ते हेच, पण त्या दारासमोर आलो की माझी पावलं आपोआप तिरकी पडायची.

मग एका उकाड्याच्या रविवारी, पाचच्या सुमाराला, सान्यांचं दार उघडं दिसलं. ते पाठमोरे उभे राहून फोनवर बोलत होते.

"हो गं आई, आत्ताच मोजलं. साडेतीन. शेजारी? आले होते ना. दूध घेऊन चालले होते. मग काय, चांगले अर्धा तास थांबले. म्हणाले, थोडं वाढू द्या की. मी म्हटलं, छे."

मी दूध घेऊनच उभा होतो. साने वळले आणि मला पाहून त्यांनी फोनच्या तोंडावर हात ठेवला.

"तिला सांगितलं नाही," ते हळू आवाजात म्हणाले. "ती आता तिकडंच वृद्धाश्रमात असते. खिडकीतून नुसत्या उभ्या गाड्या दिसतात. माझ्या कुंपणाशी कोण आलं, हे ऐकल्याशिवाय तिचा रविवार होत नाही." मग म्हणाले, "आम्ही गेलो तेव्हा तिथलं कुंपण सहा फूट होतं. आई चार फूट दहा. अख्खा हिवाळा ती कुणाशी बोलली नाही. मग एका रविवारी वडिलांनी ते छाटलं. तिला पातेलं पलीकडं देता येईल एवढं."

मी पिशव्या खाली ठेवल्या. "साने, ती चिठ्ठी मी टाकली होती."

"अगं बाई," साने म्हणाले.

त्यांनी खाली कुंड्यांकडं पाहिलं. त्या आमच्या दोघांच्या मध्येच होत्या, ते आत आणि मी बाहेर.

"मग तोंडावर का नाही सांगितलंत?" त्यांच्या आवाजात राग नव्हता, खरोखरच न कळल्यासारखं ते विचारत होते. "मिसेस पार्किन दर रविवारी आईला सांगायच्या, तुमच्या फोडणीनं माझ्या पडद्यांना वास येतो. आई सांगायची, तुमचा कुत्रा मला झोपू देत नाही. कुंपण त्याच्यासाठीच तर असतं."

फोनमधून बारीक आवाज आला, "कोण आहे रे?"

"शेजारी आलेत, आई," असं म्हणून सान्यांनी वायर ताणत फोन कुंपणावरून माझ्या हातात दिला.

"काय हो," पलीकडून म्हातारा, स्वच्छ आवाज म्हणाला, "फार उंच नाही ना वाढवलं त्यानं? त्याला भान राहत नाही."

"नाही काकू. बरोबर साडेतीन फूट आहे." साने माझ्याकडं बघत होते. मीही त्यांच्याकडंच बघत बोललो. "पण मध्यंतरी मी त्याची तक्रार केली. कुंपणाशी येऊन करायला हवी होती, ती लपून केली. माझं चुकलं, काकू. मला माफ करा."