नागसेननं सांगितलेला शेवट

अमरावतीच्या नागसेननं एक कोर्टाचा सिनेमा पाच वेळा पाहिला होता. दर्यापूरच्या एका कचेरीत आवक-जावक लिहिणाऱ्या माणसाला, टेबलावर मूठ आपटून सगळं कोर्ट गप्प करणारा वकील आवडणारच. (नागसेन स्वतः साहेबांपुढे खुर्चीच्या टोकावर बसायचा.)

त्यामुळे बायकोच्या, दीपमालाच्या हातात ज्या कादंबरीवरून तो सिनेमा निघाला तीच दिसली, तेव्हा त्याला राहवलं नाही.

"अरे वा! याच्यात ड्रायव्हर खुनी असते."

दीपमाला एकशे बाराव्या पानावर होती. शाळेत शिकवून आल्यावर चहासोबत दहा पानं, दिवसातला तेवढाच वेळ तिचा स्वतःचा. तिनं पुस्तक मिटलं.

"लायब्ररीत देऊन टाका हे."

त्यानंतर ती कामापुरतंच बोलू लागली.

संध्याकाळी परत करू म्हणून नागसेननं पुस्तक पिशवीत टाकलं आणि दर्यापूरच्या बसमध्ये सहज उघडलं. मूठ कुठंच आपटेना. इथला वकील साक्षीदाराला रडवतो आणि मग नळाखाली पानभर हात धूत उभा राहतो. आपण चुकीच्या माणसाला तर वाचवत नाही ना, असं त्या वकिलाला वाटत राहतं. नागसेन तिथंच थांबला. पाच वेळा सिनेमा पाहूनही हा माणूस आपल्याला भेटलाच नव्हता. दीपमाला रोज त्याच्यासोबत बसत होती आणि आपण मध्येच तोंड घालून मोकळे झालो! त्याला मनापासून ओशाळल्यासारखं झालं.

पुस्तक काही त्या संध्याकाळी परत गेलं नाही. आठवडाभर जाता-येता वाचून (एकदा उतरायचं ठिकाण चुकवून) त्यानं ते संपवलं आणि धापा टाकत घर गाठलं.

"माला, म्या काईच बिघडवलं नाही! पुस्तकात ड्रायव्हर खुनी नाहीच!"

दीपमाला आठवड्यात पहिल्यांदा हसली. "खरंच? आना इकडं."

ती उभ्या उभ्याच एकशे बारावं पान शोधू लागली. नागसेनला भरून आलं. एवढ्या चांगल्या बातमीला पुरावाही द्यावा, असं त्याला वाटलं.

"खरंच सांगून राहिलो! खून तं वकिलाच्या बायकोनं केला असते!"

दीपमालानं पुस्तक शांतपणे त्याच्या हातात परत ठेवलं.

"लायब्ररी सातले बंद होते," ती म्हणाली. "दुसरं आना. ज्याचा सिनेमा निघाला नाही असं. आन् बसमंदी उघडू नका."