सव्वादोन फुटांचं दार

दार: सव्वादोन फूट.
टेबल: अडीच फूट उंच, साडेतीन रुंद, सहा लांब.

हे गणित सुताराला सुचलं ते रविवारी सकाळी, टेबल डॉक्टरीणबाईंकडे पोचवायच्या दिवशी. दुपारी त्यांच्याकडे सहा माणसं जेवायला होती.

कारखान्याचं छत दुरुस्तीला निघालं, तेव्हा शिवणकाम करणारी त्याची बायको म्हणाली होती, "मग जेवणघरात जोडा की. पॉलिशला धूळ तरी बसणार नाही." फळ्या सुट्या सुट्या आत आल्या. तिथे टेबल असं नव्हतंच. दोन घोड्या, वर प्लायवूड, त्यावर वीस वर्षं जेवणं. "आपलं टेबल कधी?" असं ती विचारायची. "हे एवढं काम झालं की," असं तो म्हणायचा.

मदतीला आलेल्या मेहुण्याने टेबल आडवं केलं, उभं केलं, तिरपं केलं.

"दाजी, पाय काढा."

"निघत नाहीत."

"स्क्रू असतील ना?"

"खुंट्या आणि सरस. मी जोडलेलं सुटत नाही."

हे वाक्य त्याने आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवलं होतं. आज पहिल्यांदाच ते बोलताना त्याला घाम फुटला.

दाराची चौकट उखडली. टेबल निम्मं बाहेर आलं आणि बोळाच्या भिंतीला टेकलं.

मेहुणा आत अडकला. "दाजी, मी घरी कसा जाऊ?"

"खालून ये."

"माझं माप बघितलंय का?"

अकराला डॉक्टरीणबाई आल्या. एक्स-रे बघावा तसं त्यांनी टेबल बघितलं. "कापावं लागेल?"

सुताराने करवत पायाला लावली. हात काही हलेना.

"बाई," बायको म्हणाली, "आजच्यापुरत्या आमच्या घोड्या आणि प्लायवूड न्या. चादर टाकली की कुणाला कळतंय. तुम्हाला दुसरं नवं टेबल आमचे हे तुमच्याच घरात जोडून देतील."

बाईंनी घड्याळ बघितलं आणि मान डोलावली. टेबल परत आत ढकललं. सुटका झालेला मेहुणा प्लायवूड डोक्यावर घेऊन निघाला.

दुपारी दोघं जेवायला बसली. बायकोने कपाटातून नवी चादर काढून टेबलावर टाकली. चारी बाजूंनी बरोबर वीतभर लोंबली.

"ही कधी शिवलीस?"

"मागच्या महिन्यात."

मागच्या महिन्यात टेबल म्हणजे नुसत्या कागदावरच्या रेघा होत्या.

"माप कुठून मिळालं तुला?"

"टेबलाचं तुमच्या वहीतून," ती भाजी वाढत म्हणाली. "दाराचं मीच घेतलं."