जाऊबाईंचा बंद डबा

आमच्या धाकट्या जाऊबाईंना जे सांगाल त्याच्या नेमकं उलट करायची खोड आहे. खिडकी लाव म्हटलं तर दारसुद्धा उघडून ठेवतील. मी मान मोडून सोफ्याची खोळ शिवून दिली, तर बाईसाहेबांनी ती कुत्र्याच्या गादीला चढवली. वर मलाच सांगतात, "वहिनी, त्याला रंग फार आवडला हो." झालं, तेव्हापासून आमचं बोलणं बंद. तरी या बाईला सरळ करावं तर मीच, दुसऱ्या कोणाचं ते काम नाही, अशी माझी पक्की खात्री होती. त्या खात्रीचं काय झालं, तेच सांगते.

आमच्या चिरंजीवांनी तीन घरांत तीन डबे बसवले होते. एक आमच्याकडे, एक लेकीकडे, एक जाऊबाईंकडे. तो त्याला नोड म्हणतो, मी डबा म्हणते. दिसायला डबाच आहे. मध्ये कंपनी नाही, मालक नाही. तिघे आपसांत बोलतात. एकात फोटो ठेवला की तिघांत जातो, एकातला पुसला की तिघांतून जातो. घरातली सगळी चित्रं, सगळे आवाज त्यात. आणि आमच्या ह्यांचा आवाज फक्त त्यातच. हे फ्रीजवाल्याचा किस्सा सांगायला बसलेले, आणि किस्सा संपायच्या आधीच त्यांना हसू आवरेना. मागून मी, "आधी सांगा तरी, मग हसा." किस्सा शेवटपर्यंत कोणी ऐकलाच नाही. हे गेल्यावर मी तो आवाज रोज भाजी निवडताना लावायची.

तर त्या दिवशी इस्त्रीला जागा नव्हती म्हणून मी डब्याची पिन काढली. इस्त्री झाल्यावर परत लावली. दिवा काही लागेना. चिरंजीव धावत आले.

"आई, अशी उपटायची नसते गं पिन. त्याला आधी झोपवायचं असतं."

"अंगाई म्हणू का?"

तो लॅपटॉप घेऊन बसला. म्हणाला, डब्याला वाटतंय की आत आधीच कोणीतरी चालू आहे, म्हणून तो परत चालू व्हायला तयार नाही.

"आत कोण आहे?"

"कोणी नाही. मघाची खूण तशीच राहिलीय."

म्हणजे न्हाणीघर रिकामं आणि कडी मात्र आतून. त्याने कडी काढली. तरीही डबा ढिम्म. मग याने शर्टाच्या बाह्या सरसावल्या. "आतलं बिघडलंय. मी कोरा करून चालू करतो. बाकीचे दोन डबे भरून देतील. त्यासाठीच तर तीन ठेवलेत."

डबा कोरा झाला, हिरवा दिवा लागला. मुलगा माझ्याकडे असा बघायला लागला, जसं काही त्यानेच वीज शोधून काढली. तेवढ्यात ऑफिसातून लेकीचा फोन.

"आई, माझे फोटो भराभर गायब होतायत. काय करताय तुम्ही?"

मुलाचा चेहरा धुतलेल्या चादरीसारखा झाला. आमच्या कोऱ्या डब्याला, तुला फक्त घ्यायचंय, द्यायचं नाही, हे सांगायचं राहून गेलं होतं. म्हणून त्या कोऱ्या डब्यानेच लेकीच्या डब्याला निरोप दिला की सगळं पुसायचं ठरलंय. आणि तो आज्ञाधारक बाळ, लागला पुसायला. लेकीच्या घराला कुलूप. डबा आत चालूच.

मुलाने आमच्या डब्याची पिन ओढली आणि एकदम म्हणाला, "आई, काकूचा डबा?"

"तो तिने भांडणानंतर बंद करून कपाटावर टाकलाय. लेकच सांगत होती."

"वाचलो. त्यात सगळं असेल, बाबांचा आवाजपण. फक्त तो चालू व्हायला नको. चालू झाला की ताईचा डबा त्यालाही पुसायला लावेल. मी काकूला फोन करतो."

"तू राहू दे. तिला मी ओळखते," म्हटलं आणि फोन लावला.

"मी बोलतेय."

"मी म्हणजे कोण?" सगळं कळत होतं तिला.

"तुझा तो डबा चालू करायचा नाही. सांगून ठेवते."

"डबा माझ्या घरात आहे ना?"

"आहे."

"विजेचं बिल मीच भरते ना?"

"तूच भरतेस. अगं, पण ऐक तर..."

"इतक्या दिवसांनी फोन केलात, तोही हुकूम सोडायला?"

स्टूल सरकवल्याचा आवाज आला. मुलाने माझ्या हातातून फोन ओढला. "काकू, नको! बाबांचा आवाज आहे त्यात!"

"लावली पिन," काकू म्हणाली. आणि मग, "काय आहे म्हणालास?"

आम्ही दोघं तसेच तिच्याकडे निघालो. जाऊ डबा मांडीवर घेऊन बसली होती, वायर गुंडाळलेली. पिन तिने लगेच ओढली होती, पण उशीरच झाला होता. मुलाने तिथेच बसून तपासलं. लेकीचा डबा तर एव्हाना कोरा झाला होता; इथे लग्नाबिग्नांचे पुष्कळ फोटो उरले होते. ह्यांचा आवाज उरला नव्हता.

"भाऊजींचं ते फ्रीजवालं?" तिने विचारलं.

"गेलं."

ती पदराशी चाळा करत राहिली. मला वाटलं, आता माझ्यावर घसरणार. मी उत्तर तयार ठेवलं होतं.

"मीपण ऐकायचे," ती म्हणाली. "दुपारी, घरात कोणी नसलं की. पण मागून तुमचा आवाज यायचा ना त्यात. आपलं वाजलं, मग मला तो ऐकवेना. म्हणून काढली पिन."

तयार ठेवलेलं उत्तर काही उपयोगाचं राहिलं नाही. मुलगा उगाच वायर सरळ करत बसला. मी तिच्या शेजारी टेकले. शाळा माझी चौथीत सुटली. तोलून मापून बोलायला कोणी शिकवलं नाही, आणि नरम बोलायला मी स्वतःहून शिकले नाही. जे तोंडात आलं ते बोलले.

"भांडण माझ्याशी होतं ना तुझं? मग मला बंद करायचं होतंस. त्यांना कशाला केलंस?"